मावससासूचे दाखले

माझ्या मावससासूने आयुष्यात एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही, आणि तरीही भंडारा जिल्ह्यात तिच्याइतका सल्ला कोणी दिला असेल असं मला वाटत नाही. नर्सची सगळी नोकरी तिने लाखनीकडच्या एका लहान सरकारी दवाखान्यात काढली. तिथल्या भिंतीवर रोग्यांचे हक्क, नर्सची कर्तव्यं असं बरंच टांगलेलं असे. त्यातलं एक अक्षर तिने कधी वाचलं नाही. ‘नियम भिंतीवर असते जवाईबापू, मानूस खाटेवर असते,’ असं ती मला सांगे. पेच आला की ती एवढंच विचारायची, ‘हे कोनासारखं आहे?’ मग डोळे मिटून आजवरच्या रोग्यांची रांग तपासायची आणि त्यातला नेमका एक बाहेर काढायची. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा कोणी तिला गमतीने म्हणालं, आता तुमच्या अर्ध्या केसेस तिकडे गेल्या. ती गंभीरपणे म्हणाली, ‘रोगी गेले. केसेस माह्याजवळच आहेत.’

दाखल्यांना स्थळकाळ नव्हता. आमच्याकडच्या एका लग्नात साखरेची बिमारी असलेले नवरदेवाचे आजोबा गुलाबजामसाठी हटून बसले. लेकीसुना ‘नाही’ म्हणत होत्या. मावशीने डोळे मिटले, उघडले, आणि अर्धा गुलाबजाम त्यांच्या पानात वाढला. ‘एका पोलीसपाटलाले मी पूरा नाही म्हनलं होतं. त्यानं मंडपामागं जाऊन आठ खाल्ले.’ आजोबा अर्ध्यावर समाधानी झाले. उरलेला अर्धा पुरावा नष्ट करावा तसा मावशीने स्वतः खाल्ला.

एकदा दवाखान्यात नवा डॉक्टर आला. तरुण, हुशार, तत्त्वांचा माणूस. पायाला जखम झालेला एक धीवर खाटेवर होता आणि त्या दिवशी गावच्या तलावात मासे काढायचे होते. तो सुट्टी मागत होता, डॉक्टर देत नव्हते. मावशीने दोन दाखले पुढे ठेवले. एकाला अडवलं तर तो औषध न घेता खिडकीतून पळाला आणि पाय सडवून परत आला. दुसऱ्याला सोडलं तर तो संध्याकाळी आपणहून हजर झाला.

‘पण हा दुसऱ्यासारखाच कशावरून?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘याची बायको दारात बसून आहे, साहेब. पयल्याची माहेरी गेली होती.’

धीवर पट्टीवर पॉलिथिन बांधून गेला आणि संध्याकाळी कोरड्या पट्टीनिशी परतला, दोन मोठ्या मरळी घेऊन. रोग्याकडून डॉक्टरांनी मासे घ्यावेत का, यावर मग वेगळे दाखले निघाले. ते संपेपर्यंत मासे शिजले होते.

आम्ही हे सगळं हसत ऐकायचो. मग ते आमच्याच दारात आलं. माझे वडील वरठीच्या पोलाद कारखान्यातून रिटायर होऊन जवळच्या गावी धानाची शेती करत होते. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना बाजूला घेऊन सांगितलं, फुप्फुसात गाठ आहे, काही महिने धरा. आम्ही बाबांना सांगितलं, जुना खोकला आहे. बायको म्हणाली, मावशीला विचारा.

मावशीने ऐकलं आणि दोन माणसं काढली. ‘एका मास्तरचं घरच्यायनं लपवलं. भांडलेला भाऊ आला, दूरची पोरगी आली, सारे गोड बोलाले लागले. मास्तर मले म्हने, सिस्टर, हे लोक असे काहून वागून राहिले? मले भेव वाटते. आन् एक बाई होती. तिले डॉक्टरनं उभ्या उभ्या सांगून टाकलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं, ते केलंच. तुमचे बाबा कोनासारखे?’

मी म्हणालो, बाईसारखे. त्याच क्षणी भाऊ म्हणाला, मास्तरसारखे. मावशी चिडली. ‘तुमाले बापच मायीत नाही,’ म्हणाली, आणि पिशवी घेऊन थेट बाबांकडे निघाली.

अंगणात बाबांच्या खाटेपाशी बसून तिने अर्धा तास पाऊस, नातवंडं, चहाची साखर यावर गप्पा मारल्या. व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. मग ती सहज म्हणाली, ‘इवाई, डॉक्टरनं बरंच सांगतलं हाये. तुमाले किती आयकाचं आहे?’

बाबांनी दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघांकडे पाहिलं. ‘सगळं नोको. नवा तांदूळ खाईन का, तेवढं सांगा.’

मावशीने डोळे मिटले. या वेळी उघडले तेव्हा तिच्याजवळ दाखला नव्हता. ती म्हणाली, ‘यंदा हलका धान लावा.’

हलका धान दिवाळीच्या आधी हाती येतो, भारी धानाला त्यापुढे महिना-दीड महिना लागतो. बाबांनी जन्मभर भारीच लावला होता. हलका लावणाऱ्यांना ते उतावळे म्हणत. आता ते माझ्या भावाला म्हणाले, ‘उद्या बियानं बदलून आन.’ पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही, आणि खोकल्याबद्दल खोटं बोलायची वेळही आमच्यावर आणली नाही.

नव्या तांदळाच्या भाताला मावशी आली होती. बाबांनी चार घास खाल्ले आणि म्हणाले, ‘चव नाही. भारीच बरा.’ शेजारच्या शेतांमध्ये भारी धान अजून कापायचा होता तेव्हा ते गेले.

पुढे मावशीच्या तोंडून सगळ्यांचे दाखले ऐकले, बाबांचा कधी ऐकला नाही. एका दुपारी मीच विचारलं, ‘मावशी, आम्ही आधी त्यांच्यापासून लपवलं, ते चुकलंच ना?’

तिने डोळे मिटले. इतका वेळ लागला की मला वाटलं, झोपली. मग ती हळू आवाजात म्हणाली, ‘पाहून राहिली, जवाईबापू. त्यायच्यासारखं कोनी सापडून नाही राहिलं.’