वंदीची सही

माझ्या धाकट्या बहिणीची एक सही मी खोटी केली आहे. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. "ज्याची सही त्यानंच करायची, उद्या त्यांना घेऊन या," असं सांगून मी आजवर किती माणसांना दारातून परत पाठवलं असेल, सांगता येणार नाही. मी ती सही केली तेव्हा माझी बहीण परगावी नव्हती. ती माझ्यापासून दहा पावलांवर, स्ट्रेचरवर, पूर्ण जागी होती. कळा सोसत होती. हे लिहिल्याशिवाय तिच्याविषयी दुसरं काही लिहायचा मला हक्क नाही, म्हणून ते आधी लिहिलं.

तिचं नाव वंदना, घरात वंदी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मंगरूळपीरच्या अलीकडे आमचं गाव. लहानपणापासून तिचा एक प्रश्न ठरलेला होता, "कोनाले इचारून?" तिनं पाला घालून वाढवलेली बकरी बाबांनी एकदा बाजारात विकली. शाळेतून आल्यावर तिला नुसता खुंटा दिसला.

"कोनाले इचारून इकली?"

बाबा हसले. "बकरी माही, बजार चार गावांचा. तुले कायले इचारू?"

"बरं, मले नाही तं नाही. बकरीले तरी इचारलं काय?"

ही गोष्ट गावात बरेच दिवस फिरली. लोक हसायचे, तीही हसायची, पण त्या संध्याकाळी ती जेवली नव्हती.

दहावीत असताना तिनं वहीच्या मागच्या पानावर सही बसवली. नुसतं 'वंदना', खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. आडनाव का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आडनाव आज हे हाय, उद्या दुसरं होईन. वंदना तं वंदनाच राहीन." ती सही इतक्या वेळा माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती की मला ती डोळे मिटूनही काढता आली असती.

तिचं लग्न कारंज्याच्या पलीकडच्या एका गावात झालं. नवरा गजानन, स्वभावानं गरीब, पुण्याला कंपनीत. दिवाळीला आणि पेरणीला यायचा. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे झालं, मुलगी झाली. आमच्याकडे बाया भावासमोर या गोष्टी बोलत नाहीत. वंदी बोलायची. "दादा, तुमी मानसं म्हनता, लेकरू देव देते. देव कायचा देते, खाटेची दांडी धरून वढून आनावं लागते." माझी बायको लाजून आत पळायची आणि आतून ऐकायची.

दुसऱ्या खेपेला सासू राहिली नव्हती, म्हणून ती पुन्हा आमच्याकडेच आली. दिवस भरत आले होते. उन्हाळ्याची सकाळ होती. अंगणात आई आणि शेजारच्या चारपाच बाया काडीवर शेवयांसारखे सरगुंडे वळत बसल्या होत्या आणि वंदी भिंतीला टेकून त्यांच्यात होती. मी कचेरीत जायच्या तयारीत ओसरीवर.

"हे दुसरं झालं का बस," वंदी म्हणाली. "पोरगी होवो का पोरगा. ऑपरेशन आता त्यायचं."

"कोनाचं?" आईच्या हातातली काडी थांबली.

"तुह्या जावयाचं. हे धरून मी दोनदा टेबलावर झोपली, आता त्यायची पाळी. हो म्हटलं त्यायनं फोनवर."

"अवं, मानसाले कोनी कापते काय?"

"मानूस काय भरताचं वांगं हाय? दोन टाक्याचं बी काम नाही म्हने. आशाताईनं समदं सांगतलं मले."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आई हसली नाही. तेवढ्यात वंदीचा हात थांबला. तिनं काडी मुठीत घट्ट धरली, डोळे जमिनीकडे लावले आणि जरा वेळानं पुन्हा पीठ वळायला घेतलं. तिसऱ्या वेळी आईच्या ते लक्षात आलं.

"कवापासून दुखून राह्यलं तुह्यं?"

"चहाच्या आंधीपासून. एवढं पीठ होऊ दे माय. लेकरू काय यष्टी हाय, सुटून जाईन?"

पीठ तसंच राहिलं. गाडी बोलावली. मागच्या सीटवर ती आईच्या अंगावर रेलली होती आणि हात पुढे करून तिनं माझं मनगट धरलं होतं. कळ आली की तिची नखं रुतायची, कळ गेली की ती सैल व्हायची आणि बोलायची. "जात्यावानी फिरते दादा पाठीतून. आन जाते तवा अशी जाते, का जशी आलीच नोती." मग एकदा कळ गेल्यावर म्हणाली, "तिथं कागद आनतीन. पोरीच्या येळी बी आनले होते. लेकराच्या जिवाचा कागद असन तं डोये मिटून सही कर. नसबंदीचा असन तं मले इचार. मी कशीबी असली तरी इचार."

"हो," मी म्हणालो.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. चूक त्यांची नव्हती. दुपारपर्यंत वंदी वऱ्हांड्यात फेऱ्या घालत होती. कळ आली की भिंतीला कपाळ टेकवायची, दोन्ही तळवे भिंतीवर, जणू भिंतच ढकलून न्यायची आहे. ओरडली नाही. एकदा फक्त मला म्हणाली, "तू असा तोंड पाडून कायले बसला? तुले काय होऊन राह्यलं?" नंतर तिला आत घेतलं. तीनच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करावं लागेल. तो कागद वंदीनं स्वतः वाचला आणि स्वतः सही केली. कळेतही ठिपके दोन्ही दिले.

मग स्ट्रेचर शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी लागलं. आत तयारी चालली होती. एका नर्सनं मला दुसरा कागद दिला. "दुसरं मूल ना? पोट उघडतोच आहोत, तर सोबतच नसबंदी करून घ्यायची का, तिला विचारा. पेशंटची सही पाहिजे."

मी गजाननला फोन लावला. नर्स काय म्हणाली ते सांगितलं. तो म्हणाला, "करून टाका ना दादा. मले सुट्टी भेटत नाही. आन माह्यं झालं तं इथले पोट्टे हासतीन. तिले नंतर सांगू." आई शेजारीच होती. तिनं माझ्यासमोर हात जोडले. "जावयाले नको रे. पाया पडू काय तुह्या?"

दाराशी वंदी दिसत होती. तिचं तोंड दुसरीकडे होतं. मी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि मग मला आईला आणि जावयाला तोंड द्यावं लागलं असतं. मी भिंतीकडे वळलो, कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि लिहिलं, 'वंदना'. खाली रेघ. दोन ठिपके. नर्सनं कागद घेतला आणि दार बंद झालं.

मुलगा झाला. रडला, आणि आम्ही सगळे रडलो. खरं सांगतो, त्या घटकेला मला काही वाईट वाटलं नाही. सगळ्यांचं भलं केलं असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी वंदी टाक्यांच्या दुखण्यानं कुशीवर होता येत नाही म्हणून उताणी पडली होती. बाळ तिच्या काखेत होतं. तिनं विचारलं, "दादा, नंतर आनखी कागद आनला होता काय कोनी?"

"नाही," मी म्हणालो. "एकच होता, तू केला तोच."

"बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. दवाखान्याचं कार्ड मी 'हरवेल' म्हणून माझ्या कपाटात ठेवलं.

ती सासरी गेली. पुढचे पाच महिने ती फोनवर गजाननच्या मागे लागली होती. कधी येता, शिबिर कधी आहे, आशाताईला नाव देऊ का. तो टाळायचा. आमच्या घरी तिचा फोन आला की ती आईलाही सांगायची, "जावयाले समजाव तुह्या." आई हो हो म्हणायची आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहायची. मी पेपर वाचायचो. गजाननच्या भावालाही माहीत होतं. त्याची बायको तोंड फिरवून हसायची म्हणे.

शेवटी वंदी स्वतःच गजाननचं नाव द्यायला आशाताईकडे गेली. लसीकरणाचा दिवस होता, अंगणवाडीत बाया होत्या. आशाताईनं रजिस्टर उघडलं आणि म्हणाली, "अवं, त्यायचं नाव कायले? तुह्यं झालेलं हाय ना सिझरसोबत. दवाखान्यातून आलं लिहून."

हे मला वंदीनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं एकटी आली, बाळ कडेवर. बसली नाही. पाणीही घेतलं नाही.

"सही कोनी केली?"

मी म्हणालो, "वंदे, घाईचं काम होतं, आणि—"

"मी जागी होती दादा."

आईनं मध्ये तोंड घातलं, "काय बिघडलं पोरी? तुले बी दोनच पाह्यजे होते ना?"

वंदी आईकडे वळली नाही. माझ्याकडेच पाहून बोलली, आवाज जराही न चढवता. "समद्या घराले मालूम. जावेले मालूम. पोट माह्यं, आन मलेच नाही मालूम. मी पाच महिने यड्यावानी फोन करून राह्यली, आन तुमी आयकून राह्यले." मग म्हणाली, "तू इचारलं असतं तं मी नाही म्हटली असती. मंग तू समजावलं असतं, आपन भांडलो असतो. लेकराकडं पाहून मी कदाचित हो बी म्हटली असती. थे समदं माह्यं होतं. तू घेऊन टाकलं. नवरा तं बाहेरचा हाय, त्याचं मले एवढं नाही वाटत. मी कागदाचं तुह्यावर सोपलं होतं."

त्यानंतर ती भाऊबीजेला आली नाही. आईला पाहायला यायची, सकाळी यायची आणि दुपारच्या बसनं जायची. मी समोर आलो तर 'बरे हाव काय' एवढं विचारायची. 'दादा' म्हणणं तिनं सोडलं. माझ्या मुलीवर, पल्लवीवर मात्र तिचा जीव तसाच राहिला. तिच्या गावातल्या कुणाला कळा सुरू झाल्या की वंदीला बोलावणं यायचं. सुईण म्हणून नव्हे, नुसतं सोबत जायला. उशाशी बसायची, पाठ चोळायची आणि विनोद सांगून त्या बाईला कळांमध्येही हसवायची. हे मी लोकांच्या तोंडून ऐकत होतो. बारा वर्षं मी स्वतःला आईचंच वाक्य ऐकवत होतो, काय बिघडलं? मुलं छान आहेत, तब्येत चांगली आहे, संसार चालला आहे.

मागच्या वर्षी पल्लवीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे होतं. तिनं एकच हट्ट धरला, "आत्या पाहिजे." वंदी आली. दवाखान्यात आमची तिघांची सकाळ गेली. वंदी पल्लवीच्या कमरेला हात देऊन तिला चालवत होती. "रडाचं असन तं रड बापा, पन दम धरून रड. फुकट नको रडू." पल्लवी रडता रडता हसत होती.

दुपारी नर्स संमतीचा कागद घेऊन आली आणि सवयीनं माझ्या हातात दिला. मुलीचा बाप मी, पेनही माझ्या खिशाला. वंदीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, पल्लवीच्या खाटेशी गेली, आणि कळ सरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग एक एक ओळ वाचून दाखवली. मध्ये कळ आली तेव्हा थांबली, पुन्हा वाचायला लागली. पल्लवीनं दोन गोष्टी विचारल्या. नर्सनं सांगितल्या. पल्लवीनं सही केली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. सगळ्याला चार मिनिटं लागली.

संध्याकाळी पल्लवीला मुलगी झाली. वंदी हात धुऊन बाकावर येऊन बसली. मी शेजारी गेलो. "वंदे, त्या दिवशी माझं चुकलं. पण तेव्हा घाई—"

"घाई नोती," ती म्हणाली. "आज पाह्यलं ना तुमी." भावाशी नव्हे, कुणा पाहुण्याशी बोलावं तशी ती बोलत होती. "आन मले एकटीले कोपऱ्यात सांगून काय उपेग? माह्यं तं मले मालूम हाय. ज्यायच्यासोबत लपोलं, त्यायच्यासमोर बोला. नाही जमत तं राहू द्या."

बारशाला सगळे आले होते. गजानन पुण्याहून आला होता, त्याचा भाऊ आणि भावजय आली होती. आई खाटेवर बसून पाळण्याची दोरी धरून होती. नाव ठेवून झालं, पानं मांडली, बाया वाढायला उठल्या. मी उभाच राहिलो. "बस ना रे," आई म्हणाली, "वाढून राह्यले." गजाननला काहीतरी कळलं असावं, त्यानं मान खाली घातली. वंदी दाराच्या चौकटीशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. माझा आवाज फार मोठा निघाला नाही, पण वाढणाऱ्या बाया थांबल्या होत्या, त्यामुळे ऐकू गेला.

"वंदे," मी म्हणालो, "तू नाही म्हनशीन हे मले मालूम होतं, म्हनून मीनं तुले इचारलं नाही. तुह्या नावाची सही मीनं केली. कोनी जबरदस्ती नाही केली, नर्स तं इचार म्हनत होती. दुसऱ्या दिवशी तू इचारलं तवा तुह्या तोंडावर खोटं बोललो, आन पाच महिने तुह्यं हासं होऊ देलं. तुह्या अंगाचा निकाल कराचा मले हक्क नोता. माह्यं चुकलं. तू माफ करशीन का नाही, थे तुह्या मर्जीचं हाय. मी तगादा करनार नाही."