ते मेलेच नाहीत

फिंतासहून कुवेत सिटीला कामावर जायला आम्ही तिघं एकच गाडी वापरायचो. गाडी रत्नागिरीच्या एका मुसलमान गृहस्थांची. त्यांना आम्ही भाई म्हणायचो. मागे वसईच्या ख्रिस्ती बाई बसायच्या, त्या बँकेत होत्या. मी पुढे, पट्टा लावून. तिघांचं मराठी तीन तऱ्हेचं, पण भांडायला पुरेल इतकं सारखं.

त्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "भाई, उद्या गुड फ्रायडे. सिटीतल्या चर्चला सोडाल? शुक्रवारी बसचा भरवसा नसतो."

"सोडतो की. मला पण मासळी घ्यायचीय. जुम्म्याची नमाज पण तिथंच पढेन."

इथवर ठीक होतं. मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, भाईंना विचारलं, की तुम्हीही येशूला मानता ना, मग तुमच्यात हा दिवस कसा पाळतात?

"पाळत नाय," भाई म्हणाले. "हजरत इसा आमचे पण पैगंबर. पण ते मेलेच नाय."

मागच्या सीटवर बाई पुढे सरकून बसल्या. भाई बोलतच होते.

"त्यांना सुळावर चढवलंच नाय. लोकांना तसं भासलं. अल्लानं त्यांना जिवंत वर उचलून घेतलं. कयामतीच्या आधी परत येतील, इथं राहतील आणि मग सगळ्यांसारखे मरतील. मदिनेत त्यांच्या कबरीला जागा ठेवलीय म्हणतात."

"त्यांची आई क्रूसाखाली उभी होती," बाई म्हणाल्या. "तिलाही भासच झाला का?"

भाईंनी सिग्नल देऊन लेन बदलली. "आपल्या पैगंबराचे असे हाल अल्ला होऊ देणार नाय, असं आम्ही मानतो. तुमचा अपमान करायचा म्हणून नाय बोललो."

"म्हणजे आत्ता ते जिवंत आहेत आणि परत येणार आहेत," मी म्हणालो, "यावर तुमचं दोघांचं एकमत आहे."

माझं म्हणणं बरोबर होतं. पण त्यानं कोणालाच बरं वाटलं नाही.

शुक्रवारी भाई ठरल्या वेळी बाईंच्या इमारतीखाली हजर होते. शब्द दिला होता. मीही गेलो, कारण घरून पापलेटं आणायला सांगितलं होतं. सिटीपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. चर्चच्या दारात बाई उतरल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. आम्ही मासळी घेतली, बर्फाच्या डब्यात भरली. भाई नमाज पढून आले. मग दोघं गाडीत बसून राहिलो.

बाई आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते.

"रडलात?" भाईंनी विचारलं.

"दरवर्षी रडते."

"इतकी वर्षं झाली तरी?"

"तरी."

भाईंनी किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "अब्बांना सव्वा महिना झाला. मी अजून रडलो नाय."

भाईंचे वडील गेल्याचं आम्हाला माहीत होतं. पहाटे गेले, दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मय्यत थांबवून ठेवत नाहीत, आणि भाईंना दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळत होती. मातीला पोचणार नाही म्हटल्यावर भाई गावी गेलेच नाहीत. चौथ्या दिवशी नेहमीसारखी गाडी घेऊन आले.

"मी काय बघितलं नाय ना," भाई म्हणाले. "फोनवर सांगितलं गेले, म्हणून गेले. घरी फोन लावला की वाटतं, तेच उचलतील."

मला वाटलं, आता बाई कालचं काढणार. त्यांनी काढलं नाही.

"आमच्यात म्हणूनच दरवर्षी सगळं पहिल्यापासून वाचतात," त्या म्हणाल्या. "येशूला कुठून नेलं, कुठे पडले, तोंड कोणी पुसलं. तुम्हीही सांगा. अंघोळ कोणी घातली?"

"चुलतभावानं आणि मेव्हण्यानं."

"कफन कुठून आणलं?"

"त्यांचंच होतं. हजवरून आणून ट्रंकेत ठेवलेलं."

"खांदा कोणी दिला?"

भाईंनी चार नावं सांगितली. "अब्बांचा उजवा गुडघा सरळ होत नव्हता. बोटीवर खलाशी होते तेव्हा पडलेले. झोपायचे पण पाय दुमडून. त्यांना ठेवताना तो सरळ झाला की नाय, हे मी कोणाला विचारलंच नाय."

एवढं बोलून ते रडायला लागले. आवाज करून, पार्किंगमध्ये. चर्चमधून बाहेर पडणारी माणसं आत डोकावून पुढे जात होती. त्या दिवशी तिथे रडणं कोणाला वावगं वाटलं नसावं. बाईंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

परतताना गाडी मी चालवली. भाई कोणाच्या हातात गाडी देत नसत. त्या दिवशी दिली, आणि माझ्या ब्रेक मारण्यावर एकदाही बोलले नाहीत.

रजा मिळाल्यावर ते गावी गेले. तिथून त्यांनी आम्हा दोघांना एक फोटो पाठवला. जांभ्याच्या दगडांनी आखलेली मातीची कबर, मागे नारळ.

बाईंनी लिहिलं, "डोक्याकडचं गवत काढा."

तासाभरानं भाईंचं उत्तर आलं, "काढलं. गुडघ्याचं पण विचारलं. झाला होता सरळ."