शेगडीची लाकडं

बोईसरच्या आमच्या कारखान्याची शेड पत्र्याची आणि गोदामासारखी उंच. थंडीच्या सकाळी बोल्ट तपासायला हातात घेतले की बोटं बधिर व्हायची. म्हणून पिंप अर्धं कापून शेगडी केली आणि मालाखाली ठेवायची मोडकी लाकडी पॅलेट फोडून जाळायला लागलो. शेडला ती काय पुरणार! माझ्या टेबलापुरती ऊब मिळे, तेवढंच.

मग फोडलेली लाकडं गायब व्हायला लागली. माझा संशय सरळ झाडूवाल्या बाईवर गेला. वाणगावकडच्या पाड्यावरून यायची, घरी चूल, खांद्याला भलीमोठी पिशवी. सकाळी शेगडीही तीच पेटवायची. सुपरवायझर मीच, त्यामुळे सुटीच्या वेळी रोज फाटकावर तिची पिशवी उघडायला लावायचो. रिकामा डबा निघायचा आणि तळाला लाकडाच्या सालीचा भुगा. तो भुगाच मला पुरावा वाटायचा. बाई पक्की आहे, माल आधीच बाहेर पोचवते!

एक दिवस शेडच्या मागे गेलो, तर सगळी लाकडं तिथेच रचलेली. हिरव्या-पिवळ्या डागांची. तिला बोलावून फैलावर घेतलं.

"केमिकलच्या पिंपाखालची हायत ती," ती म्हणाली. "धूर बरा नाय. तुमी किती खोकत होते."

"मग शेगडीत रोज जळतंय काय?"

तिने पिशवी उलटी करून झटकली. आंब्याच्या लाकडाच्या सालीचा भुगा माझ्या बुटांवर पडला.

"जाताना रोज बघता," ती म्हणाली, "येताना एकदा तरी बघायची ना."