पाहुण्यांची खुर्ची

मेडशीच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन भागिरथाबाईच करणार, हे अठरा वर्षं ठरलेलं होतं. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी, निंदण करून आलेल्या बाया सतरंजीवर टेकायच्या आणि सातवी शिकलेली ही विधवा बाई चष्मा पुसून खड्या आवाजात वाचायला लागायची. शेजारची चंदा हमखास पेंगायची. मग वाचता वाचताच तिच्या मांडीवर चापट. साऱ्या मोहल्ल्यानं आपल्या तोंडाकडे बघावं, अशी भागिरथाला जगात ही एकच जागा होती.

मागच्या वर्षी मे महिन्यात ती मुलीच्या, मंजुषाच्या, बाळंतपणाला कॅनडात गेली. तीन महिन्यांचे चौदा झाले, कारण बिनपगारी आया कोण सोडतो? निघताना तिनं गावाला शब्द दिला होता, "वाचन मीच करीन, फोनवरून." नऊ दिवस केलंही. गावात संध्याकाळचे आठ, तिथं सकाळचे साडेदहा. दहाव्या दिवशी मंजुषा म्हणाली, "आई, बंद कर ते. बाळ उठतं." भागिरथानं फोन ठेवला तो ठेवलाच. कळवायची लाज वाटली, आणि लाजेत वर्ष गेलं.

परत आली तर एसटी स्टँडपासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकच विचारणा, "वापस कधी जाता, बाई?"

"कायले जाईन? आली ना मी आता," ती सांगायची. लोक हसून मान डोलवायचे. कुणाला पटत नव्हतं.

पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती सगळ्यांच्या आधी विहारात गेली आणि वाचणाऱ्याच्या जागेवर बसली. समितीचे अध्यक्ष ग्यानबा लगबगीनं आले.

"इथं नाई, बाई. खुर्चीवर बसा. तुमचा सत्कार हाय."

"सत्कार कायले, ग्यानबाभाऊ? मले वाचू द्या."

"धम्मदीपा वाचते न आता." ग्यानबा शांतपणे म्हणाले, "मांगच्या साली तीन दिवस आमी फोन समोर ठेवून बसलो. बाया वाट पाहून राह्यल्या होत्या. मंग या पोरीनं ग्रंथ हाती घेतला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

शाल आली, गुलाबाचं फूल आलं. दोन शब्द बोला म्हणाले. माफी मागायला उठलेली बाई म्हणाली, "तिकडं लय बर्फ पडते." टाळ्या वाजल्या. तिला त्या टाळ्यांचा भयंकर संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

धम्मदीपा चांगलं वाचत होती, हे आणखी वाईट. एका शब्दाला अडखळली तेव्हा तो भागिरथाच्या ओठांवर आला. पण पोरीनं वर पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच जुळवून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी भागिरथा गुपचूप मागे, भिंतीला टेकून सतरंजीवर बसली. वाचू नका देऊ, पण बायांत तरी बसू द्या, एवढंच तिच्या मनात होतं. तेवढ्यात चंदा प्लास्टिकची खुर्ची उचलून घेऊन आली. पदरानं पुसली.

"खाली नोका बसू, बाई. चार दिवसाच्या पाहुण्या तुमी."

भागिरथा उठली आणि खुर्चीवर बसली. खाली चंदा पेंगायला लागली. तिच्या मांडीपर्यंत आता भागिरथाचा हात पोचत नव्हता.