वहिनीचा लाल दोरा

आमच्या वहिनीला गल्लीत 'तपासणीबाई' म्हणतात. पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण मी तिची नणंद आहे आणि नणंदेला एवढी सूट असतेच. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती तपासणीला असते. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलर उलटी करायची, बाहीची शिवण दोन बोटांत धरून ओढायची, आणि कुठे टाका ढिला लागला की तिथे लाल दोऱ्याची बारीकशी फुली घालून शर्ट बाजूला भिरकावायचा. याला ती 'लाल करणं' म्हणते. "आज निम्मा ढीग लाल केला," असं घरी येऊन सांगताना तिचा चेहरा जसा खुलतो, तसा लग्न ठरलं त्या दिवशीही खुलला नव्हता, असं दादाच म्हणतो.

काम कारखान्यात ठेवून घरी येणारी माणसं असतात. ही त्यातली नव्हे. दूध आलं की भांडं तिरकं करून बघणार. दादाला डेपोतून यायला उशीर झाला की त्याच्या हातांना ग्रीस आहे का ते बघणार. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिथे खरंच गर्दी होती का, हे ती मला जेवताना आडून आडून विचारणार, आणि उत्तर पटलं नाही की नुसतं "हं" म्हणणार. त्या "हं"ला मी फार भिते.

तिचा आणखी एक नेम होता. वस्तू घ्यायची ती आजूबाजूच्या माणसानं हातानं बनवलेलीच. साबण मागच्या रस्त्यावरच्या बाईकडून, बादली पत्र्याच्या कारागिराकडून, मुलांची स्टुलं कोपऱ्यावरच्या सुताराकडून. नवख्या माणसाला वाटावं, वा, काय थोर विचार आहेत. विचार थोर वगैरे काही नव्हते. "बनवणाऱ्याचं घर माहीत असलं की भांडायला जाता येतं. दुकानातल्या खोक्याशी कुणी भांडायचं?" एवढाच तो विचार. सुताराकडे ती एकच स्टूल तीनदा परत घेऊन गेली. चौथ्यांदा ती वळणावर दिसली तेव्हा सुतार फळ्यांच्या मागे जाऊन बसला.

घरात दोन कुत्री. साहेब म्हातारा, तपकिरी, दादाच्या लग्नाआधीपासूनचा. दाराशी पडून असतो. त्याच्यावर वहिनीनं कधी संशय घेतला नाही, कारण संशय यायला आधी थोडं हलावं लागतं. दुसरा शिपाई. हा तरुण, काळा, एक कान उभा आणि एक आडवा. तो वहिनीनंच आणला, खेळणीवालीच्या अंगणातून. पिल्लू घेतानाही तिनं आधी त्याची आई बघितली, आईचे दात बघितले, मग पिल्लू उचललं. खेळणीवाली चिंध्यांची आणि कापसाची खेळणी शिवते. तिच्या घराची पुढची खोली हेच दुकान. आमच्या मुलांची सगळी खेळणी तिच्या हातची: हत्ती, बाहुल्या, पोट फुगलेला मासा.

आणि विकत आणलेलं प्रत्येक खेळणं घरी आलं की वहिनी त्याच्यावर लाल फुली घालायची. हत्तीच्या कानामागे, बाहुलीच्या तळपायाला. कारखान्यातलंच रीळ तिच्या खिशात असायचं. सहा वर्षांची थोरली शेजारी बसून बघायची.

"आई, हे कशाला?"

"आपली वस्तू ओळखता यावी म्हणून. कुणी नेली तरी सांगता येतं, ही आमची."

थोरली मान हलवायची. तिच्या डोक्यात गेलेली गोष्ट सहसा बाहेर येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

आम्ही तिघंही दिवसभर बाहेर, म्हणून मुलांना सांभाळायला मावशी येतात. सडसडीत, कमी बोलणाऱ्या, राखाडी स्वेटर घालणाऱ्या. धाकटा तीन वर्षांचा आहे. तो आईच्या हातून अर्धी पोळी खातो आणि मावशींच्या हातून दोन. वहिनीला हेही खटकायचं. मी तिला एकदा म्हटलं, पोर जेवतंय त्यात काय संशय घ्यायचा? ती म्हणाली, "मी नसताना माझ्या घरात काय चालतं ते मला दिसत नाही गं." तेव्हा पहिल्यांदा मला तिची कीव आली. हजार शर्टांचे टाके बघणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरांचा दिवस बघायला मिळत नाही. तिचा संशय म्हणजे अर्धी भीतीच होती.

मग हत्ती नाहीसा झाला.

आठवड्याभरात निळ्या झग्याची बाहुली गेली. त्यानंतर मासा. आम्ही पलंगाखाली बघितलं, मागच्या अंगणात बघितलं, साहेबाला ढकलून त्याच्याखालीही बघितलं. वहिनी शोधत नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात हात बांधून उभी होती आणि मावशींकडे बघत होती.

"मावशींना एक नात आहे," ती मला हळूच म्हणाली.

"मग?"

"हं."

झालं. एकदा मनात पाल चुकचुकली की वहिनीला घरभर पालीच दिसतात. मावशी गुणगुणत असल्या तर लपवायला गुणगुणतात, गप्प असल्या तर मनात काहीतरी शिजतंय. त्यांची पिशवी सकाळपेक्षा संध्याकाळी फुगलेली दिसते. नातीबद्दल विचारलं की त्या विषय बदलतात. मी म्हटलं, "अगं, तू नातीबद्दल ज्या आवाजात विचारतेस ना, तसं मला कुणी विचारलं तर मी घर बदलेन." पण ऐकेल ती वहिनी कसली. शेवटी एका संध्याकाळी मावशी चप्पल घालत असताना ती पुढे झाली.

"मावशी, माझी किल्ली चुकून तुमच्या पिशवीत गेली का बघता?"

मावशींनी तिच्याकडे बघितलं. किल्ली वहिनीच्या कमरेलाच होती, आणि ती आम्हा सगळ्यांना दिसत होती. मावशींनी पिशवी स्टुलावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. चष्म्याचं घर. कंगवा. घडी केलेला रुमाल. अर्धवट विणलेला लहान मोजा, सुयांसकट. मग पिशवी उलटी करून झटकली. पावाचा थोडा चुरा पडला, तो त्यांनी हातानं गोळा करून मुठीत घेतली.

"नाही दिसत, ताई," एवढंच म्हणाल्या.

मी शरमेनं आतल्या खोलीत निघून गेले. मला राग आला होता, पण तिच्यापेक्षा स्वतःच्या गप्प बसण्याचा जास्त.

कुणाला वाटेल, वहिनीचं समाधान झालं असेल. छे. पिशवी रिकामी निघाली याचा अर्थ बाई हुशार आहे, असा तिनं लावला. शुक्रवारी संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, "मावशी, उद्या या. सोमवारपासून नको. मी दुसरी सोय बघते."

"बरं," मावशी म्हणाल्या. दाराशी वळून म्हणाल्या, "धाकट्याला झोपताना पाठीवर थोपटावं लागतं. नव्या बाईंना सांगा."

थोरली दाराला टेकून ऐकत होती. रडली नाही, काही विचारलंही नाही. शनिवारी दिवसभर ती शहाण्यासारखी वागली, असं मावशींनी जाताना सांगितलं. धाकट्यानं मात्र मावशी गेल्यावर जो सूर लावला तो रविवारी सकाळपर्यंत थांबेना. दादा त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. शेवटी वहिनी म्हणाली, "चला, याच्यासाठी नवीन हत्ती आणू." मी, ती आणि थोरली निघालो.

खेळणीवालीच्या खोलीत शिवणयंत्र, कापसाचं पोतं आणि भिंतीला तीन फळ्या. वहिनी आत शिरली आणि जागच्या जागी थांबली. वरच्या फळीवर आमचा हत्ती बसला होता. शेजारी निळी बाहुली. तिला टेकून मासा.

मला म्हणाली, "बघितलंस? मावशींनी विकली हिला."

आणि ती जी सुरू झाली! चोरीचा माल घेता, लाज नाही वाटत, मी इतकी वर्षं तुमच्याकडून वस्तू घेते आणि तुम्ही हे. खेळणीवाली आधी पांढरी पडली, मग लाल झाली.

"ताई, चोरीचा कसला? तुम्हीच तर परत पाठवता."

"मी? कुणाबरोबर?"

"शिपायाबरोबर."

खेळणीवालीनं मागचं दार उघडलं. अंगणात शिपायाची आई उन्हात पडली होती आणि तिच्या पुढ्यात आमच्या धाकट्याचा कापडी चेंडू होता, लाळेनं भिजलेला. आदल्या दिवशीपर्यंत घरात असलेला.

"दुपारचा येतो. भिंतीवरून उडी मारून," ती सांगू लागली. "तोंडात काहीतरी असतं. आईपुढे ठेवतो, थोडा वेळ लोळतो, जातो. पहिल्यांदा हत्ती आणला तेव्हा मी हसले. मग कानामागे लाल फुली दिसली." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी तुमच्या कारखान्यात मशीनवर होते, ताई. तुम्हाला आठवत नसेन. माझे किती शर्ट तुम्ही लाल केलेत. ती फुली दिसली की अजून हात आपोआप कात्रीकडे जातो. मला वाटलं, खराब निघाला म्हणून पाठवलात. आता बोलायलाही येत नाहीत, कुत्र्याबरोबर पाठवतात, इतक्या रागावल्यात. म्हणून तिथली शिवण उसवून पुन्हा घातली. सगळ्यांची. धुऊन ठेवलीत. तुम्ही न्यायला याल म्हणून."

वहिनीनं हत्ती खाली घेतला. कान उलटा केला. सवयीनं दोन बोटांत शिवण धरून ओढली. पक्की होती. मग ती कापसाच्या पोत्यावर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्या जिभेवर आली होती, पण तिचा चेहरा बघून मी ती गिळली.

"मावशींकडे जाऊ या," ती म्हणाली.

मावशींचं घर दोन रस्ते पलीकडे, जिना चढून. त्यांनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, बसायला खुर्ची दिली. खोलीत दोन पलंग, एक टेबल. नात टेबलाशी अभ्यास करत होती. बारा-तेरा वर्षांची मुलगी, माझ्या खांद्याला लागेल एवढी. कापडी हत्तीशी खेळायचं तिचं वय कधीच उलटलं होतं. वहिनीनं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

माफी मागायला तिला जमत नाही. सगळ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची कुठून काढायची ते समजत नाही. ती हत्तीबद्दल बोलली, शिपायाबद्दल बोलली, भिंतीबद्दलही बोलली. "भिंतीवर जाळी लावून घेते," म्हणाली. मावशी ऐकत होत्या. मग त्या उठल्या, खुंटीवरचा राखाडी स्वेटर काढला आणि त्याची बाही वहिनीपुढे धरली.

मनगटाशी, आतल्या बाजूला, लाल फुली होती.

"काल घरी आल्यावर दिसलं," मावशी म्हणाल्या. "काम सोडायला सांगितलंत, ते ठीक. तुमचं घर आहे. पण हे कशाला केलंत, ताई? खराब माल बाजूला टाकताना करता, ते?"

तिनं बाही हातात घेतली. टाके वेडेवाकडे, एक लांब, एक तोकडा, मागे दोऱ्याचा मोठा गुंता.

"मी नाही," ती म्हणाली. तिच्याच घरी कुणी असं म्हटलं असतं तर तिनं "हं" केलं असतं.

"मी केलं," थोरली म्हणाली.

आम्ही सगळ्या वळलो. ती माझा हात धरून उभी होती आणि आईच्या चेहऱ्यावरून तिला काही तरी चुकलंय असं वाटत होतं.

"आईच्या खिशातलं रीळ सकाळीच काढून घेतलं होतं. मावशी धाकट्याला झोपवत होत्या तेव्हा फुली घातली. मावशी आपल्या आहेत ना? दुसऱ्या कुणी नेल्या तर सांगता यावं म्हणून."

मावशी पलंगावर बसल्या आणि त्यांनी थोरलीला जवळ ओढलं. वहिनी रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. रडणंही तिला नीट येत नव्हतं. "मावशी, चुकलं माझं," असं तिनं अखेर म्हटलं. नातीनं वहीतून डोकं वर काढलं नाही, पण तिची पेन्सिल थांबली होती.

सोमवारी मावशी आल्या. धाकटा दोन पोळ्या जेवला. वहिनीनं भिंतीवर जाळी लावली नाही. शिपाई रोज दुपारी आईकडे जातो आणि दर रविवारी थोरली खेळणीवालीकडून टोपली भरून खेळणी परत आणते. घरात लाल रीळ आता येत नाही. मावशींनी बाहीवरची फुली उसवलेली नाही, स्वेटर धुतानाही जपतात.

मात्र त्या रिकाम्या हातानं येतात. चष्मा नाकावर, रुमाल कमरेला. विणकाम घरी. दुपारी मुलं झोपली की नुसत्या बसून राहतात.

गेल्या महिन्यात वहिनी त्यांना दाराशी म्हणाली, "मावशी, पिशवी आणत जा हो."

"कशाला, ताई?" मावशी अगदी मायेनं म्हणाल्या. "असंच बरं पडतं."

त्या गेल्यावर वहिनी बराच वेळ दारात उभी होती. ज्या स्टुलावर मावशींनी पिशवी रिकामी केली होती, ते तिनं उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.