शेजाऱ्याचं मत

माझा थोरला भाऊ पाच वर्षांनी अमेरिकेतून आचोळ्याच्या घरी आला, तेव्हा तिथली अध्यक्षीय निवडणूक नुकतीच आटोपली होती. त्याला हवा असलेला उमेदवार हरला होता आणि त्याचं कारण त्याने शोधून ठेवलं होतं. शिकलेले एका पक्षाला मत देतात, कमी शिकलेले दुसऱ्याला, आणि दुसरे जास्त भरले. हे त्याने बाबांना सांगितलं, मला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या काकांना जिन्यात थांबवून सांगितलं. मी नुकतीच एम.ए. झालेली. मला ते ऐकायला फार बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी अर्नाळ्याची मासेवाली मावशी आली. आई कित्येक वर्षं तिच्याकडूनच मासे घ्यायची. ती दारात बसून बोंबील साफ करत होती, तर भावाने तिलाही धरलं. म्हणे, त्याचा अमेरिकेतला शेजारी नळदुरुस्तीची कामं करतो, कॉलेजात गेलेला नाही, म्हणजे त्याचं मत कुठे गेलं ते उघडच आहे.

"तू त्याला इचारलंस?" मावशीने हातातला बोंबील खाली ठेवला.

"नाही. पण कळतंच ना."

"आनि तू कोनाला दिलंस?"

भावाने कुणालाच दिलं नव्हतं. तिथलं नागरिकत्व अजून मिळालेलं नव्हतं, म्हणून तिथे मत नव्हतं. आणि इथे मतदानाला तो कधी आला नव्हता.

"मी चौथी शिकले," मावशी शांतपणे म्हणाली. "पन एक मतदान चुकवलं नाय. कोनाला देते ते माझ्या नवऱ्यालापन ठाव नाय. तुला कसं कलनार?"

आई हसू लपवायला आत गेली. मी मात्र ओशाळले. चार दिवस मीही मान डोलावत होते.

परत गेल्यावर महिन्याभराने भावाचा फोन आला. त्याने शेजाऱ्याला कॉफीला बोलावून सरळ विचारलं होतं. मत त्या दुसऱ्या पक्षालाच गेलं होतं, अंदाज बरोबर होता; कारण मात्र साफ चुकलं होतं. शेजाऱ्याने आधी दोनदा भावाच्याच पक्षाला मत दिलं होतं. मग गावातला कारखाना बंद पडला, आणि त्या पक्षाचं कुणी साधं विचारायलाही फिरकलं नाही. शेजाऱ्याचा डॉक्टर भाऊही त्याच्यासारखंच मत देणारा निघाला.

आता बर्फ पडला की माझा भाऊ आणि शेजारी मिळून दारापुढचा रस्ता मोकळा करतात, भांडत भांडत. वहिनी सांगते, रस्ता केव्हाच मोकळा झालेला असतो, हे दोघं मात्र फावडी धरून उभेच.