तर्जनीतला पुखराज

रत्नांचं नाव काढलं की माझ्या नाकात आजही आंबलेल्या दुधाचा वास येतो. मोती म्हणे राग शांत करतो, पोवळं मंगळाला आवरतं, नीलम मानवला तर राज्य, नाही तर भीक. आमच्या घरी पुखराज आला. पुखराज म्हणजे गुरू आणि गुरू म्हणजे मुलीचं लग्न.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए. झालेली. मला कचेरीत कारकून व्हायचं होतं आणि त्याला टायपिंगची परीक्षा लागायची. रोज सकाळी सीताबर्डीच्या क्लासात मशीन बडवायची. लग्नाची घाई बाबांना होती. बाबा स्वतः कारकून, साध्या अर्जालाही दाखला मागणारे. पण ज्योतिषी बोलला आणि यांनी मान डोलावली. उजव्या तर्जनीत अंगठी, खालून उघडी, कारण खड्याचं बूड कातडीला टेकलं पाहिजे. दर गुरुवारी बोटासकट हळदीच्या निरशा दुधात बुडवायची. पुसायची नाही, आणि लग्न ठरेपर्यंत काढायची नाही.

त्यात नागपूरचा उन्हाळा. दुपारपर्यंत अंगठीखाली दूध आंबायचं, पिवळी खपली धरायची. शी! त्याच हातानं वरणभात कालवायचा. आधी खाज सुटली, मग फोड आला, मग पू. मी अंगठी ओढायला लागले तर बाबा म्हणाले, "काढू नको वं. खडा असर करून राहिला."

ज्योतिष्यानंही सांगितलं, आतला दोष बाहेर पडतोय. आई रोज सकाळी बोट बघायची आणि सूज वाढलेली दिसली की देवापुढे हात जोडायची. पू पाहून खूश होणारं घर कुणी पाहिलंय का? मी त्यात राहत होते.

बरं, बघायला येणारे काय आंधळे होते? चहाचा कप घेताना त्यांची नजर आधी तर्जनीवर जायची. पुखराज घातलेली पोरगी म्हणजे हिचं कुठे जमत नाही, हे अख्ख्या नागपूरला ठाऊक. पोहे खाऊन निघून जायचे, मेले.

परीक्षेच्या दिवशी बोट वांग्याएवढं झालं होतं. बटणावर टेकवलं की डोळ्यांसमोर अंधारी. अर्धा कागदही झाला नाही. नापास. तिथून मी तडक इतवारीत गेले आणि सोनाराकडून अंगठी कापून घेतली. त्यानं नाकाला रुमाल लावला, खडा धुतला, उजेडात धरला. "अस्सल आहे बाई," म्हणाला.

बाबांनी खडा माझ्याकडून घेतला आणि कपाटात कुलपात ठेवला. पंधरा दिवसांनी आणखी एका मुलाकडची मंडळी आली. बोटाला पट्टी होती. आईनं सांगितलं, पोळ्या करताना भाजलं. पोरगी कामाची आहे म्हणून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. बाबा हरखले. "पाह्य, जाता जाता काम करून गेला का नाही पुखराज?"

माझी टायपिंगची फी तेव्हाच बंद झाली. पुढच्या गुरुवारी बाबांनी दोरा घेतला आणि धाकट्या बहिणीच्या तर्जनीचं माप घेतलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते. बोट अजून पुरतं भरलं नव्हतं. भाजल्याचं खोटं उघडं पडून माझं ठरलेलं मोडायला नको म्हणून मी मान वर केली नाही. त्या पुवाची आली नसेल एवढी किळस मला माझ्या त्या गप्प बसण्याची येते.